फिरत्या प्रॉक्सीची सेवा घेताना काय तपासावं

फिरती प्रॉक्सी म्हणजे तुमच्या विनंत्या वेगवेगळ्या आयपी पत्त्यांवरून पुढे पाठवणारी सेवा. ती विकणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती आकड्यांनी सुरू होतात. इतके कोटी आयपी पत्ते, इतके देश, इतकी शहरं. या आकड्यांवरून सेवा निवडू नका. कोट्यवधींचा तो आकडा बहुतेकदा ठरावीक काळात कधी ना कधी जाळ्यात येऊन गेलेल्या सगळ्या पत्त्यांची बेरीज असतो. मंगळवारी दुपारी तीन वाजता तुम्हाला भारतातले पत्ते हवे असतात, तेव्हा त्यातले किती हाताशी आहेत हे जाहिरातीतून कळत नाही. ते स्वतः मोजावं लागतं, आणि ते मोजणं वाटतं तितकं अवघड नाही.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण धरू. नाशिकची एक छोटी मसाला कंपनी आहे. तिची पाकिटं पाच-सहा संकेतस्थळांवर विकली जातात. मुंबई, नागपूर, पुणे, इंदूर इथल्या ग्राहकाला आपलं आणि स्पर्धकांचं पाकीट आज काय भावाला दिसतंय, हे तिला रोज हवं आहे. सगळं मिळून दिवसाला २०,००० पानं. तिच्यासाठी काम करणारा प्रोग्रॅमर म्हणजे तुम्ही.

पहिला प्रश्न असा, की प्रॉक्सी लागणार आहे का? २०,००० हा आकडा मोठा वाटतो, पण दिवसाचे ८६,४०० सेकंद असतात. म्हणजे दर चार सेकंदांना एक पान. तेही पाच-सहा संकेतस्थळांत वाटलेलं, म्हणजे एकेका स्थळावर वीस-पंचवीस सेकंदांत एक विनंती. इतक्या संथ गतीने आपल्या ऑफिसच्या साध्या जोडणीवरून काम होतं का, हे आधी बघा. खूप ठिकाणी होतं. स्क्रिप्ट एकदम शंभर धागे उघडते आणि अडवली जाते, मग प्रोग्रॅमर प्रॉक्सी शोधायला निघतो. गती कमी करून बघायचं राहूनच जातं. सर्व्हरने ४२९ हा कोड पाठवला तर त्याचा अर्थ ‘जरा दमानं घ्या’ इतकाच असतो, आणि किती वेळ थांबायचं हेही तो बरेचदा ‘रीट्राय-आफ्टर’ या हेडरमध्ये सांगतो. ते ऐका.

दुसरा सरळ रस्ता अधिकृत एपीआयचा. विक्रेत्याला स्वतःच्या मालाची माहिती अनेक बाजारपेठा एपीआयमधून देतात. बाजार समित्यांचे रोजचे भाव हवे असतील तर केंद्र सरकारच्या खुल्या डेटाच्या पोर्टलवर ते मिळतात, त्यासाठी कुठलंही पान खरवडावं लागत नाही. कांद्याचा भाव काढायला प्रॉक्सी विकत घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं आहे.

तिसरी गोष्ट तर हमखास सुटते. भाव नक्की कशावरून बदलतो? भारतातल्या बऱ्याच खरेदीच्या संकेतस्थळांवर तो तुम्ही निवडलेल्या पिनकोडवरून बदलतो, आयपीवरून नाही. घरच्या जोडणीवरूनच एकदा नाशिकचा आणि एकदा नागपूरचा पिनकोड टाकून तेच पाकीट बघा. भाव तेवढ्याने बदलत असेल तर शहरवार पत्त्यांसाठी जादा पैसे मोजायचं कारणच उरत नाही. आणि शहरवार पत्त्यांवर फार भरवसा ठेवूही नये. आयपी कुठल्या गावचा हे वेगवेगळ्या कंपन्यांच्या माहितीसाठ्यांवरून ठरवलेला अंदाज असतो. देश सहसा बरोबर निघतो, शहराच्या बाबतीत तेच साठे एकमेकांशी भांडतात.

इतकं करूनही गरज उरली, तर प्रकार समजून घ्या. डेटासेंटरचे पत्ते स्वस्त आणि वेगवान, पण ते कुठल्या होस्टिंग कंपनीचे आहेत हे समोरच्याला लगेच कळतं. आयएसपी किंवा स्थिर निवासी म्हणून विकले जाणारे पत्ते इंटरनेट पुरवठादाराच्या नावावर नोंदलेले असतात, पण यंत्र डेटासेंटरमध्येच असतं. निवासी पत्ते कोणाच्या तरी घरच्या वायफायचे. मोबाइल पत्ते सर्वांत महाग, आणि त्याला कारण आहे. आयपीव्ही४चे एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी, त्यामुळे मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. अख्ख्या चाळीची पत्रं एकाच पत्त्यावर यावीत तसा हा प्रकार. तो पत्ता अडवला तर शेकडो निरपराध ग्राहक अडकतात, म्हणून संकेतस्थळं तिथे हात आखडता घेतात. आमच्या मसाल्याच्या कामाला मोबाइल पत्ते लागणार नाहीत. डेटासेंटरपासून सुरुवात करा, ते खरोखर अपुरे पडले तरच वरच्या प्रकाराकडे जा.

निवासी पत्ता म्हणजे कोणाचं तरी घर

निवासी प्रॉक्सीतून तुमची विनंती जाते तेव्हा ती एखाद्या माणसाच्या फोनमधून, लॅपटॉपमधून किंवा टीव्हीच्या डब्यातून बाहेर पडते. त्या माणसाला हे माहीत आहे का? त्याने होकार दिला आहे का? हा प्रश्न किमतीच्या आधी विचारायचा आहे.

२०१५ साली होला या फुकट व्हीपीएनचं प्रकरण गाजलं. ते वापरणाऱ्यांची जोडणी ल्युमिनाटी या सेवेमार्फत इतरांना विकली जात होती, आणि बहुतेक वापरकर्त्यांना त्याचा पत्ता नव्हता. ल्युमिनाटीचं नाव २०२१ मध्ये ब्राइट डेटा झालं. त्याहून गंभीर प्रकरण ९११ एस५चं. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन, शाइनव्हीपीएन अशा फुकट ॲपांमधून लोकांच्या संगणकांत शिरकाव करून हे जाळं उभं केलं होतं. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ते मोडून काढल्याचं जाहीर केलं, तोवर जवळपास २०० देशांतले १ कोटी ९० लाखांहून अधिक आयपी पत्ते त्यात गुंतले होते. ते भाड्याने घेऊन गुन्हेगारांनी आर्थिक फसवणुकी केल्या, धमक्या पाठवल्या. माग काढणारा पोलीस पोचायचा तो मात्र ज्याच्या घरचा पत्ता होता त्याच्या दारात.

म्हणून विक्रेत्याला लेखी विचारा. पत्ते कोणत्या ॲपांमधून मिळतात, त्यांची नावं द्या. संमतीचा पडदा कसा दिसतो, त्याचं चित्र पाठवा. त्या माणसाला मोबदला काय मिळतो? त्याला बाहेर पडायचं असेल तर कसं? त्याची बॅटरी आणि डेटा संपू नये म्हणून काय मर्यादा आहे? आणि ग्राहक म्हणून तुमची ओळख तपासली जाते का? केवायसी मागणाऱ्या कंपनीवर वैतागू नका, ते चांगलं लक्षण आहे. ती तुम्हाला तपासते म्हणजे तुमच्या शेजारच्या ग्राहकालाही तपासते, आणि त्याच्या उद्योगांमुळे पत्ते बदनाम होण्याची शक्यता कमी होते.

या प्रश्नांना ‘आमचे पत्ते नैतिक मार्गाने मिळवलेले आहेत’ इतकंच उत्तर आलं, तर तो विषय तिथेच संपवा. भाव कितीही कमी असो. यात व्यवहारही आहेच. चोरीचं जाळं रातोरात नाहीसं होतं. ९११ एस५ची सेवा त्या कारवाईआधीही एकदा, जुलै २०२२ मध्ये, अशीच अचानक बंद पडली होती, आणि तिच्यावर उभी असलेली कामं त्या दिवशी थांबली.

मोजणी

आता चाचणी. बहुतेक कंपन्या एखादा जीबी फुकट किंवा नाममात्र दरात देतात. तेवढा पुरतो. पान दाबून पाठवल्यावर २०० केबीचं भरत असेल, तर एका जीबीत ५,००० विनंत्या बसतात.

पहिल्या हजार विनंत्या पत्ते मोजायला खर्च करा. तुमचा आयपी परत सांगणाऱ्या सेवा आहेत, एचटीटीपीबिन किंवा आयपिफाय. त्यांचं उत्तर जेमतेम काही अक्षरांचं असतं, त्यामुळे डेटा जवळपास लागत नाही. भारताचे पत्ते मागा, दर विनंतीला नवा, आणि आलेले हजार पत्ते फाइलमध्ये लिहून काढा. मग एकच गोष्ट बघा, की किती जोड्या सारख्या निघाल्या. हजार वस्तूंच्या जोड्या ४,९९,५०० होतात. विक्रेत्याकडे भारतातले एक लाख पत्ते खरोखर हजर असतील आणि ते सरमिसळ करून दिले जात असतील, तर साधारण पाच जोड्या सारख्या निघाव्यात. तुमच्या फाइलमध्ये शंभर सारख्या निघाल्या, तर ४,९९,५०० भागिले शंभर, म्हणजे तुमच्या वाट्याला येणारं पत्त्यांचं तळं सुमारे पाच हजारांचंच आहे. हा गणिती अंदाज आहे, काटेकोर मोजमाप नव्हे, कारण काही पत्ते इतरांपेक्षा जास्त वेळा दिले जातात. पण लाख आणि पाच हजार यांतला फरक त्यातून लपत नाही. सकाळी, दुपारी आणि रात्री हीच मोजणी पुन्हा करा. घरची यंत्रं चालू-बंद होत असतात, त्यामुळे तळ्याची पातळी दिवसभर सारखी राहत नाही.

त्याच फाइलमधल्या पत्त्यांचे एएसएन क्रमांक तपासा, म्हणजे पत्ता कोणत्या जाळ्याच्या मालकीचा आहे ते. निवासी म्हणून विकलेल्या पत्त्यांत जिओ, एअरटेल, बीएसएनएल, स्थानिक केबलवाले दिसायला हवेत. क्लाउड कंपन्या दिसल्या तर डेटासेंटरचा माल निवासी भावाने विकला जातो आहे.

यानंतर खरी पानं. दुसऱ्याच्या तुलनेच्या तक्त्यात ९९ टक्के यश लिहिलेलं असतं ते कुठल्या तरी भलत्याच संकेतस्थळावरचं. तुमचं काम ज्या स्थळांवर आहे, त्यांच्यावरच मोजा. आणि यश म्हणजे काय, हे आधी ठरवा. २०० हा कोड आला म्हणजे पान मिळालं असं समजू नका. अडवणूक करणारी कितीतरी स्थळं २०० देऊन कॅप्चाचं पान दाखवतात, भावाची जागा रिकामी ठेवतात किंवा भलत्याच पिनकोडचा भाव देतात. आमच्या उदाहरणात पान धड कधी म्हणायचं? त्यात मागितलेल्या पाकिटाचा क्रमांक असेल, रुपयांत भाव असेल, पानावरचा पिनकोड आपण टाकलेलाच असेल आणि पानाचा आकार नेहमीच्या निम्म्याहून लहान नसेल, तर. या चार अटी स्क्रिप्टमध्येच लिहा. शिवाय आलेल्यांतली तीस-चाळीस पानं रोज डोळ्यांनी बघा. यंत्राला न कळलेली चूक तिथे सापडते.

नोंद ठेवताना अपयशाची कारणं वेगळी करा. ४०७ हा कोड प्रॉक्सीचा आहे, तुमचं नाव-पासवर्ड तिला पटलेलं नाही. ४०३ आणि ४२९ सहसा समोरच्या स्थळाकडून येतात. ५०२ बहुतेकदा मधलं यंत्र गायब झाल्याची खूण. सगळे आकडे एकाच ‘फेल’च्या खात्यात टाकले तर दोष कोणाचा हे कधीच कळत नाही, आणि विक्रेत्याशी बोलताना हातात काही राहत नाही.

पन्नास पानांवर निकाल देऊ नका. पन्नासात ९४ टक्के यश दिसलं तरी खरा आकडा ८७च्या आसपास असू शकतो. हजार पानं घेतली की ही चूक दीड-दोन टक्क्यांवर येते. वेळ मोजताना सरासरीवर समाधान मानू नका, कारण दहा-वीस रेंगाळलेल्या विनंत्या तिच्यात मिसळून जातात. शंभरातल्या पंच्याण्णव विनंत्या किती सेकंदांच्या आत पुऱ्या झाल्या, तो आकडा काढा.

आता पैसे. समजा, पहिला विक्रेता जीबीला ३०० रुपये सांगतो आणि तुमच्या स्थळांवर त्याचं यश ५५ टक्के आहे. दुसरा ४५० सांगतो, यश ९४ टक्के. फसलेल्या पानाचाही डेटा मोजला जातो असं धरा. पहिल्याकडे एका जीबीत २,७५० धड पानं मिळतात, एक पान ११ पैशांना पडतं. दुसऱ्याकडे ४,७०० मिळतात, पान साडेनऊ पैशांना. महिन्याला सहा लाख पानांचा हिशेब केला, तर जो महाग दिसत होता तो आठ हजार रुपयांनी स्वस्त निघतो. आणि फसलेली पानं पुन्हा मागवण्यात जाणारा वेळ यात धरलेलाच नाही. हे दर मी उदाहरणादाखल घेतले आहेत, तुमचे आकडे घालून हेच गणित करा. प्रॉक्सीची तुलना करायचं दुसरं कुठलंही प्रामाणिक माप मला माहीत नाही.

याच हिशेबात आणखी एक गोष्ट उघडी पडते. पूर्ण ब्राउझर उघडून चित्रांसकट पान आणलं तर तेच २०० केबीचं पान दोन एमबीचं होतं, आणि साडेनऊ पैशांचे ९५ पैसे होतात. चित्रं, फॉन्ट, व्हिडिओ अडवा. शक्य असेल तिथे ब्राउझरच टाळा. विक्रेत्याशी घासाघीस करून जे वाचत नाही, ते इथे वाचतं.

पत्ता कधी फिरवायचा

दर विनंतीला नवा पत्ता हे प्रत्येक कामाला चालत नाही. पिनकोड निवडला की तो कुकीत बसतो. पुढचं पान दुसऱ्याच पत्त्यावरून मागितलं तर अनेक स्थळं सत्र तोडतात किंवा पिनकोड विसरतात. म्हणून एक पिनकोड, त्याची वीस-तीस पानं आणि तेवढ्यापुरता एकच पत्ता, असा गट करा. याला चिकट सत्र म्हणतात. बहुतेक सेवांत वापरकर्त्याच्या नावाला सत्राचा क्रमांक जोडला की ते सुरू होतं. चाचणीत हे मुद्दाम तपासा, की दहा मिनिटांचं सत्र दहा मिनिटं टिकतं का? मधेच घरचं यंत्र बंद झालं तर विक्रेत्याचा गेटवे, म्हणजे पत्ते वाटणारा सर्व्हर, चूक कळवतो, की गुपचूप दुसरा पत्ता देतो? गुपचूप देणारा जास्त त्रासाचा, कारण चुकीच्या पिनकोडचे भाव तुमच्या तक्त्यात शिरतात आणि कोणाला कळत नाही.

लॉगिन करून चालणाऱ्या ऑटोमेशनला, म्हणजे स्वतःच्या विक्रेता खात्यातून अहवाल उतरवणं वगैरेंना, फिरता पत्ता घेऊच नका. एक स्थिर पत्ता घ्या. खातं मुंबईत आणि दोन मिनिटांनी पाटण्यात उघडलं की सुरक्षा यंत्रणा ते गोठवू शकते.

सुरक्षितता आणि कायदा

प्रॉक्सी म्हणजे मध्ये बसलेला परका माणूस. एचटीटीपीएसवर त्याला स्थळाचं नाव दिसतं, आतला मजकूर दिसत नाही. पण प्रमाणपत्राची चूक येते म्हणून कोणी स्क्रिप्टमध्ये तपासणीच बंद करून ठेवली, तर मजकूर वाचायला आणि बदलायला तो मोकळा. तपासणी बंद करणारी ओळ कधीही लिहू नका. सॉक्स प्रकारची प्रॉक्सी वापरत असाल तर डोमेनचं नाव प्रॉक्सीच्या बाजूला सोडवलं जातंय ना हे बघा. कर्लमध्ये आणि पायथनच्या रिक्वेस्ट्समध्ये सॉक्स५ आणि सॉक्स५एच यांत फरक आहे तो हाच. फुकट प्रॉक्सींच्या याद्या तर कामाच्या ठिकाणी उघडूही नका.

कोणती पानं यंत्राने उतरवू नयेत हे रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये सांगायची प्रथा १९९४ साली मार्टाइन कोस्टर यांनी सुरू केली आणि २०२२ मध्ये आरएफसी ९३०९ म्हणून ती नोंदली गेली. पत्ता बदलला म्हणून तिथे लिहिलेला नकार बदलत नाही. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३वं कलम मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातून माहिती उतरवण्याबद्दल बोलतं, आणि तेच कृत्य अप्रामाणिक हेतूने केलं असेल तर ६६वं कलम लागतं. २०२३च्या वैयक्तिक डेटा कायद्यात व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेल्या माहितीला सूट आहे, पण लोकांचे फोन नंबर आणि नावं गोळा करून विकायला ती ढाल पुरेल असं मानू नका. अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये मेटाविरुद्ध ब्राइट डेटा या खटल्यात, लॉगिन न करता दिसणाऱ्या पानांबाबत निकाल ब्राइट डेटाच्या बाजूने लागला. विक्रेते त्याचा दाखला देतात. तो निकाल मेटाच्या वापराच्या करारापुरता आणि तिथल्या न्यायालयाचा आहे. आणि तत्काळ तिकिटांचं घाऊक बुकिंग करून देण्याचं काम कोणी आणलं तर सरळ नाही म्हणा. विनापरवाना तिकिटांचा धंदा रेल्वे कायद्याच्या १४३व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि त्या रांगेत गावी जाणारा साधा माणूस उभा असतो.

समोरच्या सर्व्हरची ताकदही लक्षात घ्या. मोठ्या बाजारपेठेला तुमच्या २०,००० विनंत्या जाणवणार नाहीत. तालुक्याच्या वर्तमानपत्राचं किंवा एखाद्या पतपेढीचं स्थळ मात्र तेवढ्याने आडवं होऊ शकतं, आणि विनंत्या हजार पत्त्यांवरून आल्या तर बिचाऱ्या चालकाला काय अडवावं तेही कळत नाही. अशा ठिकाणी प्रॉक्सी नको. फोन करा, माहिती मागा.

करार करताना चार गोष्टी लेखी घ्या. न वापरलेले जीबी पुढच्या महिन्यात जातात का, फक्त उतरवलेला डेटा मोजतात की पाठवलेलाही, ५०२ आलेल्या विनंतीचे पैसे लागतात का, आणि एका वेळी किती जोडण्या चालतात. सेवा परदेशी असेल तर नोंदणीकृत व्यवसायाला जीएसटी रिव्हर्स चार्जने भरावा लागतो, तो अंदाजपत्रकात धरा. कार्डावरून आपोआप होणारी वजावट १५,००० रुपयांवर असली की दर वेळी ओटीपी लागतो. तो वेळेत दिला नाही तर सेवा बंद पडते, म्हणून सूचना कोणाच्या फोनवर येणार हे ठरवून ठेवा.

पहिल्या वर्षी वार्षिक करार करू नका, सूट कितीही दिसली तरी. महिन्याचाच घ्या. गेटवेचा पत्ता आणि पासवर्ड कोडमध्ये न लिहिता सेटिंग्जच्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे विक्रेता बदलायला दहा मिनिटं पुरतात. आणि चाचणीची ती स्क्रिप्ट विकत घेतल्यावर पुसू नका. रोज शंभर पानं तिच्यातून जाऊ द्या, आठवड्याचा आकडा लिहून ठेवा, आणि धड पानाचा भाव सलग दोन आठवडे चढला की विक्रेत्याला नोंदींसकट पत्र पाठवा.